ओबेड ट्रस्कॉटची छत्री

पेल्टन फॉल्समध्ये लग्न ठरलं की लोक पलंगासाठी ओबेड ट्रस्कॉटकडे जातात आणि माणूस मेला की पेटीसाठी. दुकान एकच. पुढच्या खोलीत पलंग, कपाटं आणि डुलत्या खुर्च्या, मागच्या खोलीत शवपेट्या. लाकूड तेच, रंधा तोच, आणि ओबेडचा चेहराही दोन्हीकडे तोच. पलंग बघायला आलेल्या नवऱ्यामुलाला आपण चुकून मागच्या खोलीत तर शिरलो नाही ना, अशी शंका यायची.

माझ्या धाकट्या बहिणीने, मर्सीने, या माणसात काय पाहिलं ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आता विचारायला ती नाही. उंच, हाडकुळा, खुर्चीवर बसला तरी हात जमिनीला लागतील असा. मर्सी गेली तेव्हा त्यांचा ॲल्विन शाळेत होता. माझं बायकांच्या हॅटचं दुकान रस्त्याच्या पलीकडेच, त्यामुळे त्या दोघांची जेवणं, फाटके मोजे आणि भांडणं आपसूक माझ्या गळ्यात पडली. तेव्हा ओबेडबद्दल बोलायचा मला हक्क आहे, आणि मी तो बजावणार आहे.

धंद्यात त्याचं एकच कसब होतं. मेलेल्या माणसाच्या बायकोजवळ जायचं, मान किंचित कलती करायची, तिच्या कोपराला दोन बोटं लावायची आणि ती म्हणेल त्याला हळू आवाजात म्हणायचं, "हो. माहीत आहे मला." हायरम कोबला त्याच्याच खेचराने लाथ घालून मारलं, तेव्हा त्याची बायको रडत म्हणाली, "फार मायाळू होता हो!" त्या हायरमने तिचा हात दोनदा मोडला होता आणि खेचर त्याला कंटाळलेलं होतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक. पण ओबेड म्हणाला, "हो. माहीत आहे मला." इतकं खरं वाटेल असं म्हणाला की मीसुद्धा क्षणभर हायरमबद्दल हळहळले.

आणि त्याची ती छत्री. काळी, दांडगी, वाकड्या मुठीची, एवढी मोठी की पाऊस असला तर कबरीजवळ पाद्री, विधवा आणि विधवेची आई तिघंही तिच्याखाली मावत. ऊन असलं तरी ओबेड ती घेऊनच फिरायचा. एखादा म्हातारा खोकला आणि समोरून ओबेड छत्री घेऊन येताना दिसला, की म्हातारा खोकला आवरायचा.

असा हा माणूस एका हिवाळ्यात गावाचा हिरो झाला. तो कसा, ते सांगते.

आमच्या ट्रिम्बल कॉलेजात बास्केटबॉल पहिल्यांदा आणला तो मुलींनी. पोरं खिडकीबाहेरून खिदळायची, "या बघा, टोपल्या घेऊन भाजीला निघाल्या!" पुढच्या थंडीत फुटबॉलचं मैदान गोठलं, पोरांच्या अंगातली रग जिरेना, त्यांनी वसतिगृहाच्या खिडक्या फोडल्या, आणि मग कॉलेजचे अध्यक्ष रेव्हरंड डॉ. व्हीलॉक यांना एकदम साक्षात्कार झाला की हा खेळ ख्रिस्ती पुरुषाचं चारित्र्य घडवतो. मुलींना हॉलमधून बाहेर काढलं आणि चारित्र्य घडायला सुरुवात झाली.

हॉल म्हणजे जुनी स्केटिंगची जागा. एका अंगाला लोखंडी शेगडी, चारी बाजूंनी वर लाकडी सज्जा, आणि सज्ज्याच्या कठड्याला दोन टोकांना दोन टोपल्या ठोकलेल्या. टोपलीत चेंडू पडला की खेळ थांबायचा, शिपाई शिडी लावून चेंडू काढून आणायचा, मग परत सुरू. शेगडी कुठे आहे ते आमच्या पोरांना पाठ होतं. पाहुण्यांना ते पहिल्या पाच मिनिटांत कळायचं, पार्श्वभागावर.

ओबेडने खुर्च्या पुरवल्या, म्हणून त्याला सज्ज्यात जागा मिळाली, ती नेमकी पूर्वेकडच्या टोपलीमागे. मी त्याच्या शेजारी, कारण माझ्या हॅटमागे बसायला कोणी तयार नव्हतं. पहिल्याच सामन्यात आपल्या एका पोराने फेकलेला चेंडू टोपलीच्या कडेवर येऊन घुटमळला. ओबेडने विचार केला असेल असं मला वाटत नाही. कबरीशी पेटी कलंडायला लागली की तो जसा हात पुढे करतो, तशी त्याने छत्री पुढे केली आणि वाकड्या मुठीने चेंडू अलगद आत ओढला.

हॉल दणाणला. पंच होते आमचेच, लॅटिनचे प्रोफेसर लुडलम. तेव्हा यजमानाने पंच द्यायचा अशीच रीत होती. त्यांनी नियमांचं चोपडं उघडलं, चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "प्रेक्षकाबद्दल यात काही म्हटलेलं नाही!" झालं. टोपली मान्य.

त्या दिवसापासून ओबेडला काम मिळालं. पहिल्या डावात आपली पोरं पूर्वेकडे टाकायची, तेव्हा तो चेंडू आत ओढायचा. मध्यंतरानंतर बाजू बदलायच्या, पाहुणे पूर्वेकडे टाकायला लागायचे, तेव्हा तो चेंडू बाहेर लोटायचा. ट्रिम्बल बाहेरगावी गेलं की मार खाऊन यायचं आणि घरी मात्र अजिंक्य. गावच्या वर्तमानपत्राने आम्हाला पश्चिमेचे विजेते ठरवून टाकलं. पश्चिमेतल्या इतरांना त्याने विचारलं नव्हतं. रस्त्यात लोक ओबेडसाठी टोप्या काढायला लागले. म्हातारे त्याच्यासमोर बिनधास्त खोकायला लागले. आणि डॉ. व्हीलॉक, जे पत्ते, नाच आणि रविवारी शिट्टी वाजवणं या सगळ्याला पाप म्हणायचे, ते सामन्याआधी स्वतःची खुर्ची सरकवून म्हणायचे, "या, ट्रस्कॉट. कोपर मोकळं राहतंय ना?"

मी म्हटलं, "ओबेड, लाज वाटते का काही? हाताने खेळायचा खेळ आहे, छत्रीने नाही."

"लव्हिना, लोक मला हाक मारतात आता," तो म्हणाला. "मेल्याशिवाय हाक मारतात."

मी माझी हॅट नीट केली.

ॲल्विन तेव्हा ट्रिम्बलमध्येच होता. बापासारखा उंच, आईसारखा हट्टी. नाताळच्या आधी त्याला पहिल्यांदा संघात घेतलं. पोराने दुरून, अगदी शेगडीपाशी उभं राहून, चेंडू टाकला. झकास टाकला होता. तो आपणहून पडला असता, मी शपथेवर सांगते. पण ओबेडच्या अंगात प्रेमाचा उमाळा आला, छत्री पुढे गेली, आणि चेंडू आत. हॉलभर आरडाओरडा, "शाब्बास ओबेड! शाब्बास ट्रस्कॉट!" पोराच्या पाठीवर थाप मारायचं कोणाला सुचलं नाही. सोमवारी न्हाव्याकडे, पोस्टात, चर्चच्या पायऱ्यांवर सगळीकडे एकच, "ओबेडने परवा काय टोपली मारली!"

नाताळच्या सुटीनंतर ॲल्विन नदीपलीकडच्या कॉर्विन कॉलेजात गेला. तेव्हा असं चालायचं. कपड्यांची पेटी उचलायची आणि दुसऱ्या कॉलेजात जाऊन खेळायचं, कोणी विचारत नसे. जाताना माझ्या दुकानात आला.

"मावशी, मला एकच टोपली हवी आहे," तो म्हणाला. "माझ्या हातची. याच हॉलमध्ये, याच टोपलीत, त्यांच्या डोळ्यांदेखत. मग मी खेळणं सोडलं तरी चालेल."

"बापाला सांग ना तसं."

"सांगितलं. ते म्हणाले, अरे पण मी मदतच केली! त्यांना कळतच नाही गं. तूच सांग त्यांना. कॉर्विन इथे खेळायला येईल तेव्हा छत्री हलली नाही, तर मी घरी जेवायला येईन. हलली, तर त्या घराचा उंबरा चढणार नाही."

मी रस्ता ओलांडला आणि शब्दन्‌शब्द सांगितला. ओबेड एका पेटीच्या झाकणाला मेण लावत होता. फडकं थांबलं.

"जेवायला येतो म्हणाला?"

"छत्री हलली नाही तर."

"काय आवडतं त्याला? मक्याची भाकरी ना? तू येशील करायला?"

"मी येईन. तू छत्री घरी ठेव."

कॉर्विनचा सामना फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी होता. ओबेड रिकाम्या हाताने आला. जिन्यावर लोक त्याच्या हाताकडे बघत होते, पाद्री विधी विसरला की बघावं तसे. सज्ज्यात पोचतो तर डॉ. व्हीलॉक उभे. त्यांनी माणूस पाठवून दुकानातून छत्री आणवली होती.

"विसरलात, ट्रस्कॉट," ते गोड हसून म्हणाले. "आज तर लागेलच. घरचा भेदी समोर आहे."

"माझा मुलगा आहे तो, डॉक्टर."

"म्हणूनच तर! अब्राहामने काय केलं होतं? देवाने मागितला तेव्हा त्याने मुलाचा विचार केला का?"

नदीपलीकडच्या पोरांना हरवणं म्हणजे देवाची आज्ञा, हे मला त्या दिवशी नव्याने कळलं. ओबेडने छत्री घेतली, कारण डॉ. व्हीलॉकना नाही म्हणायची त्याच्या घराण्यात पद्धत नव्हती. तो बसला, आणि मी त्याच्या हातातून छत्री काढून घेतली, खुर्चीवर आडवी ठेवली आणि तिच्यावर बसले. बसायला अत्यंत वाईट. पण मी काही हलकी बाई नाही. माझ्याखालून ती काढायला घोडे लागले असते.

पहिल्या डावात आपली पोरं पूर्वेकडे टाकत होती. एकेक चेंडू कडेवर यायचा, डोलायचा, बाहेर पडायचा. प्रत्येक वेळी सगळा हॉल मान वर करून बघायचा. "ओबेड, झोपलास काय रे?" "अरे, छत्री गंजली का?" मागच्या बाकावरच्या न्हाव्याने त्याच्या पाठीत ढोसलं. ओबेडच्या कपाळावर घाम आला होता, शेगडीपासून दूर, हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसून.

"नको लव्हिना," तो पुटपुटला, "मला इथून उठू दे."

"बस गप्प. भाकरीचं पीठ भिजवून आलेय मी."

तरी आपली पोरं रडतखडत एका गुणाने पुढे राहिली, मुख्यतः शेगडीच्या कृपेने. बाजू बदलल्या. आता कॉर्विन आमच्या टोपलीकडे टाकायला लागलं. ॲल्विनने पहिल्यांदा वर पाहिलं. बापाकडे नाही, माझ्याकडे. मी मान डोलावली. त्यानेही डोलावली, आणि मग पोरगं असं धावायला लागलं की मला त्याची आई आठवली, ती नदीवर बर्फावरून तशी धावायची.

शेवटाशेवटाला लुडलम घड्याळ हातात घेऊन उभे होते, आणि आपण अजून त्या एकाच गुणाने पुढे. ॲल्विनला चेंडू मिळाला तो शेगडीपाशी, नाताळच्या वेळी होता तिथेच. त्याने दोन्ही हातांनी टाकला. चेंडू वर आला, कडेवर आपटला, उडाला, परत कडेवर बसला आणि फिरायला लागला. सगळा हॉल एका आवाजात ओरडला, "ओबेड!"

ओबेडने काय केलं ते मी दोन फुटांवरून पाहिलं आहे, तेव्हा नीट ऐका. त्याने दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घातले, त्यांच्यावर बसला, आणि डोळे मिटले. लहान मूल डॉक्टरसमोर बसतं तसा. चेंडू एकदा फिरला, थांबला, आणि आत पडला.

हॉलमध्ये शेगडीतलं लाकूड तडकलेलं ऐकू आलं. मग न्हावी ओरडला, "ओढला! यानेच ओढला! पोरासाठी ओढला!"

आणि सगळं गाव पेटलं. सबंध हिवाळाभर ज्यांनी त्या छत्रीला टाळ्या वाजवल्या होत्या, तेच आता कठड्यावर मुठी आपटून 'लबाड, लबाड' म्हणत होते. डॉ. व्हीलॉक उभे राहिले. त्यांचा आवाज दुःखाने भरून आला होता. "प्रेक्षकाने खेळात हात घालावा," ते म्हणाले, "ही गोष्ट या संस्थेने कधीही खपवून घेतलेली नाही." कोणी हसलं नाही. लुडलमनी चोपडं उघडलंसुद्धा नाही, टोपली रद्द केली. ट्रिम्बल एका गुणाने जिंकलं.

मी उठले, छत्री उंच धरली आणि घसा फोडून ओरडले, "मी हिच्यावर बसले होते! ही बघा, माझ्याखाली होती!" लोक खो खो हसले. "मेहुणी साक्षीदार!" न्हावी म्हणाला. "मग हाताने ओढला असेल! हात काय कमी लांब आहेत?"

खाली ॲल्विन टोपलीखाली येऊन उभा होता. पंचाशी तो भांडला नाही. त्याच्या संघातली पोरं भांडत होती, तो नुसता वर बघत होता.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही हात लावलात?"

"नाही," ओबेड म्हणाला. हात अजून मांड्यांखालीच होते, ते बाहेर काढायचं त्याला सुचलंच नव्हतं. "नाही रे ॲल्विन. देवाशपथ नाही. तुझाच होता तो."

ॲल्विन चेंडूकडे बघत होता खरा, पण तो आत पडला त्या क्षणी त्याचे डोळे कुठे होते कोण जाणे. एवढ्या माणसांनी ओढला म्हणून सांगितलं, आणि नाही म्हणणारा होता ओबेड. "आजच्या दिवशी तरी नको होता लावायला," तो म्हणाला आणि वळला. कॉर्विनच्या बर्फावरच्या घसरगाडीच्या घंटा मी सज्ज्यात बसून ऐकल्या. मक्याची भाकरी आम्ही दोघांनी खाल्ली. ओबेडने तिसरी बशी उचलू दिली नाही.

पुढच्या आठवड्यात नवा नियम झाला, टोपलीमागे फळी हवी. कॉलेजने ती करायचं काम कोणाला दिलं असेल? गावात चांगला रंधा एकाचाच. ओबेडने मागच्या खोलीतली अक्रोडाची जाड फळी काढली, बँकवाल्याच्या पेटीसाठी राखून ठेवलेली, घासली, मेण लावलं आणि स्वतः कठड्याला ठोकली. त्याच्या खुर्चीवरून आता फळीची पाठ तेवढी दिसते. जागा बदलून घे म्हणून मी सांगून थकले. तो प्रत्येक सामन्याला तिथेच बसतो. चेंडू फळीवर धाडकन आपटला की मला विचारतो, "गेला?"

ॲल्विन दुसऱ्या वर्षी कॉर्विनकडूनच खेळायला परत आला. त्या फळीवर चेंडू आपटून त्याने किती टोपल्या मारल्या ते मी मोजलं नाही. गाव टाळ्या वाजवत होतं. फळी आल्यापासून आम्ही सगळे फार न्यायी झालो आहोत. सामन्यानंतर तो घरी आला. हो, आला. उंबरा चढला, कोट काढला, बापाशी हात मिळवला. मोठा झाला होता, राग वगैरे काही उरला नव्हता. डुकराचं मांस आणि वाटाणे खाल्ले, भाकरी दोनदा मागून घेतली, बर्फाच्या आणि घोड्यांच्या गोष्टी केल्या. ओबेड इतका खूश होता की स्वतः जेवायचंच विसरला.

निघायची वेळ झाली. दारात ओबेडने त्याचा कोट धरला, आणि वर्षभर तोंडाशी आलेलं शेवटी बोलला.

"ॲल्विन, गेल्या वर्षीचा तो... मी खरंच हात लावला नव्हता. तो तुझाच होता."

ॲल्विनने मान किंचित कलती केली. बापाच्या कोपराला दोन बोटं लावली.

"हो बाबा," तो हळू आवाजात म्हणाला. "माहीत आहे मला."